‘वाकवू नका’ छापलेली पुठ्ठ्याची पाकिटं : चांगली आहेत, पण एकाच दिशेने

प्रिंट, फोटो, सर्टिफिकेटं, कधीमधी एखादी एलपी रेकॉर्ड असं सपाट सामान पोस्टाने पाठवणं माझं सतत चालूच असतं, त्यामुळे ती जी कडक पुठ्ठ्याची रेडीमेड पाकिटं मिळतात ना, मागे आपोआप चिकटणारी पट्टी, पुढे मोठ्या अक्षरात ‘वाकवू नका’ आणि उघडायला फाडायची एक दोरीसारखी पट्टी, ती बऱ्याच कंपन्यांची वापरून झालीयेत. कंपनीचं नाव घेत नाही कारण गुण सगळ्यांचे सारखेच आणि दोष पण सारखाच.

आधी दोषच सांगतो, कारण बहुतेक लोक पाकीट हातात घेतात, जाडी बघतात, बोटाने टकटक करतात आणि म्हणतात हं, कडक आहे. पण यातली बरीच पाकिटं पन्हळी पुठ्ठ्याची असतात, म्हणजे दोन कागदांच्या मध्ये लाटेसारखा तिसरा कागद, आणि त्या लाटा सगळ्या एकाच दिशेने जातात. लाटांना आडवं वाकवायला गेलात तर पाकीट चांगलं झुंजतं, पण घडी लाटांच्या समांतर येईल असं वाकवलंत की गप्पकन मोडतं, अगदी सरळ रेषेत, पट्टी लावून घडी घातल्यासारखं. घरी करून बघा, रिकामं पाकीट दोन्ही हातांत धरा, आधी लांबीकडून वाकवा मग रुंदीकडून, फरक लगेच कळतो. आणि ट्रकमध्ये वर चार जड खोकी पडली किंवा कुणी अरुंद पत्रपेटीत कोंबायला गेलं तर ते पाकीट लाटांची दिशा बघून थोडंच वाकवणार.

याच्यावरचा उपाय इतका साधा आहे की कंपन्या तो आत घालूनच का देत नाहीत मला कळत नाही. कुठल्याही जुन्या खोक्यातून आतल्या मापाचा एक पुठ्ठा कापायचा, पण लाटा पाकिटाच्या लाटांना काटकोनात येतील असा, आणि तो प्रिंटच्या मागे सरकवायचा. बस. आता दोन्ही दिशांनी आडवा कणा मिळाला आणि हाताने मुद्दाम वाकवायला पण जोर लागतो. पाकिटाचा पुठ्ठा बऱ्याचदा बारीक लाटेचा असतो, साधारण दीड मिलिमीटर, खोक्याचा नेहमीचा ३ ते ४ मिलिमीटर, त्यामुळे एकच तुकडा घातला तरी पुरतो. दोन तुकडे घालणार असाल तर तेही एकमेकांना आडवे घाला, एकाच दिशेने चार घातले तर वजन वाढतं, पोस्टेज वाढतं आणि घडी पडायची ती पडतेच. काही पाकिटं लाटा नसलेल्या भरीव पुठ्ठ्याची पण येतात, ती एका रेषेत मोडत नाहीत पण एकदा कमानीसारखी वाकली की तशीच राहतात, त्यांनाही आतला आडवा पुठ्ठा लागतोच.

आता त्या ‘वाकवू नका’बद्दल. ते माणसांसाठी लिहिलंय आणि माणूस वाचेल तेव्हा त्याचा उपयोग आहेच, छापील असलेलं बरं, पेनने लिहिलेलं कुणी बघत पण नाही. पण पत्रं वेगळी करायचं मशीन पट्ट्यांच्या मधून आणि रोलरवरून वळवत पाठवतं, त्याला फक्त पत्ता वाचायचा असतो, बाकी मजकुराशी देणंघेणं नाही. उलट पाकीट खरंच कडक असेल तर ते पत्रांच्या मशीनमधून जाऊच शकत नाही, मग ते हाताने किंवा पार्सलच्या रांगेने जातं आणि तेच आपल्या फायद्याचं. म्हणून जिथून पाठवताय तिथे हे पत्राच्या दराने जातं की पार्सलच्या ते आधी विचारा, कमी तिकिटं लावून पेटीत टाकलं तर परत येतं किंवा घेणाऱ्याला भुर्दंड पडतो, आणि परत येणं म्हणजे त्या प्रिंटचा तोच प्रवास दुसऱ्यांदा.

मापाच्या बाबतीत मात्र पाकिटांना पूर्ण मार्क. ए फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा आणि त्याच्यासाठी येणारं सी फोर माप २२९ बाय ३२४ चं, म्हणजे चारी बाजूंना सेंटिमीटरभर जागा उरते. ही जागा हवीच, कारण पाकिटाचा कोपरा आपटून चेपला तरी आतल्या कागदाचा कोपरा वाचतो. पण तीच जागा उलटी पण फिरते! कागद आत मोकळा असेल तर सरकत सरकत जाऊन त्याच कोपऱ्यात बसतो आणि मग आपटला की गेला. म्हणून कागद पुठ्ठ्यावर बसवून टाकायचा, पण प्रिंटला टेप अजिबात लावायची नाही, मास्किंग टेप पण नाही. कागदाचे चार छोटे चौकोन घ्या, कर्णावर दुमडून त्रिकोण करा, दुमडलेली कड प्रिंटच्या मधल्या बाजूला येईल असे प्रत्येक कोपऱ्यावर तिरके ठेवा आणि टेप त्रिकोणांच्या प्रिंटबाहेर आलेल्या भागाला, पुठ्ठ्यावर. प्रिंट जागच्या जागी राहतं आणि घेणाऱ्याला काढताना काही ओरबाडावं लागत नाही.

त्याच्या आधी प्रिंटला प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घालाच, कारण पुठ्ठा पाणी पितो आणि पावसात पाकीट दारात पडून राहिलं तर आतला कडकपणा ओल्या पापडासारखा होतो. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, मऊ पीव्हीसीची नको, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ सुटून फोटोच्या पृष्ठभागाला किंवा शाईला चिकटतो. आणि एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही, या पिशव्यांचा गोंद कुठे आहे ते बघून घ्या. काहींच्या झाकणावर गोंद असतो, काहींच्या पिशवीच्या अंगावर. झाकणावर गोंद असलेल्या पिशवीतून प्रिंट बाहेर काढताना झाकण मागे लवतं आणि गोंदाची पट्टी बरोबर चित्राला चाटून जाते, चमकदार फोटोवरून तो डाग निघत नाही. अंगावर गोंद असलेली पिशवी मिळत असेल तर तीच घ्या, थोडी शोधावी लागते.

लोक विचारतात मग सरळ बबलवालं पाकीटच का नको. अहो बबल धक्का झेलतो, वाकणं नाही थांबवत. बबलवालं पाकीट पुंगळी करून खिशात घालता येतं, मग आतला फोटो काय करणार. (तसा बबल रॅप १९५७ साली बनवला तोच मुळी भिंतीला लावायचा उठावदार कागद म्हणून, पॅकिंगला वापरायचं नंतर सुचलं, ते एक बरं झालं.) शिवाय बबलची फुगीर बाजू थेट छापील पृष्ठभागाला लागली आणि वर वजन आणि उष्णता असेल तर प्रिंटवर गोल गोल ठसे उमटतात. बबल वापरायचाच असेल तर पुठ्ठ्याच्या सॅंडविचच्या बाहेरून गुंडाळा.

पाकिटाची चिकटपट्टी बरी आहे पण थंडीत किंवा हाताला धूळ असेल तर नीट धरत नाही, आणि आत जास्त कोंबून पाकीट फुगलं असेल तर वाटेत उघडतेच. वरून टेप लावा, फक्त फाडायच्या पट्टीवर आडवी लावू नका. लोक सगळीकडून टेपने मढवतात, मग ती पट्टी ओढली जात नाही, घेणारा सुरी घेतो आणि सुरी आतल्या प्रिंटला लागते. खरं तर ती फाडायची पट्टी ही या पाकिटाची सगळ्यात चांगली सोय आहे, साधं पाकीट कात्रीने उघडताना किती चित्रांची कड जाते ते विचारू नका.

एलपीसाठी मात्र हे पाकीट मला अजिबात पटलेलं नाही, १२ इंचाच्या मापात मिळत असलं तरी. पॅकिंग तपासायच्या चाचण्या ठरवणारी आयएसटीए नावाची जी संस्था आहे, तिच्या वन ए चाचणीत हलकं पार्सल साधारण ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सपाट बाजूंवर, आणि सुरुवात कोपऱ्यापासून करतात. कोपऱ्यावर पडलं की सगळं वजन एका टोकावर येतं. प्रिंट हलकं असतं म्हणून निभावतं, रेकॉर्ड जड असते, ती आतून पुढे सरकते आणि कव्हरची शिवण आतून फाडते. म्हणून रेकॉर्ड पाठवताना ती बाहेरच्या कव्हरमधून काढून, आतल्या कागदी पिशवीसकट, कव्हरच्या मागे ठेवतात. ही पद्धत माहीत नसलेल्याला वाटतं पॅकिंगवाला विसरला की काय! सीलबंद नवीन रेकॉर्ड असेल तर हे करता येत नाही, मग दोन्ही बाजूंचे पुठ्ठे कव्हरपेक्षा मोठे ठेवायचे, एवढंच हातात राहतं.

काचेची फ्रेम तर या पाकिटाचं कामच नाही, कितीही जाड असलं तरी. तिला खोकं, काचेवर मास्किंग टेपच्या आडव्या तिडव्या पट्ट्या म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर घासत नाहीत, आणि जमलं तर काच काढून ॲक्रिलिकच लावा. मोठं पोस्टर असेल तर नळी घ्या, पण चांगली जाड भिंतीची आणि रुंद, बारीक नळीत घातलेला कागद नंतर आठवडाभर वजनाखाली ठेवला तरी वळलेलाच राहतो. रंगवलेला कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर.

मार्क द्यायचे तर प्रिंट, फोटो आणि कागदपत्रांसाठी पाचपैकी साडेतीन, आडवा पुठ्ठा आपण घातला तर साडेचार. नुसतं पाकीट घेऊन, पिशवी नाही, कोपरे बसवलेले नाहीत, आत मोकळा कागद टाकून, पट्टी दाबून पाठवणार असाल तर अडीचच. घाऊक घेताना आधी एकच मागवा आणि ते वाकवण्याचं करून बघा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या पाकिटांत लाटा कधी उभ्या असतात कधी आडव्या, त्यावर आतला पुठ्ठा कसा कापायचा ते ठरतं. आणि रेकॉर्डवाल्यांनी सरळ ते घडी घालून बनणारं चपटं खोकं घ्या, ज्याच्या चारी कडांना पुठ्ठा दुहेरी येतो आणि कोपऱ्यांच्या बाहेर रिकामी जागा उरते. महाग पडतं, पण फाटलेल्या कव्हरचे फोटो मेलमध्ये आले की जे पैसे परत करावे लागतात त्यापेक्षा स्वस्तच.