सार्वजनिक कामाची आवड आणि बी.ए.: जिल्ह्यातलं कॉलेज की पुणे-मुंबई?

बारावीनंतर कला शाखाच घ्यायची, एवढं घरात ठरलंय. मुलाला किंवा मुलीला चार लोकांत काम करायची आवड आहे. आता वाद उरलाय तो एवढाच: रत्नागिरी, चिपळूण, देवरूख, कणकवली, सावंतवाडीपैकी जवळच्या कॉलेजात घालायचं, की पुण्या-मुंबईला पाठवायचं? हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा खोलीभाड्यावर येऊन मिटतो. इथे मात्र एकच बघू: पुढे सार्वजनिक काम करायचं असेल तर कुठली तीन वर्षं जास्त उपयोगी पडतील.

पुण्या-मुंबईच्या बाजूने पहिला मुद्दा ठरलेला असतो, मोठी माणसं तिकडेच घडली. नावं खरी आहेत. गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे, महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. दोघेही १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. टिळक जन्मले रत्नागिरीत, शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पण त्यांना दुसरा पर्याय होता कुठे? रत्नागिरीत कॉलेज सुरू झालं १९४५ साली, म्हणजे आजचं गोगटे-जोगळेकर. बाकीची त्यानंतरची. त्यामुळे ही यादी कितीही लांबवली तरी आजच्या निवडीला तिचा उपयोग नाही. शिवाय या मंडळींचं बहुतेक काम पुण्या-मुंबईतच झालं. गावाकडे लक्ष राहिलं ते दुरून, कर्व्यांनी मुरुडसाठी फंड काढला तसं.

ती दुरून लक्ष ठेवायची पद्धत आपल्याकडे अजून जिवंत आहे. वाडीचा रस्ता, शाळेचं छप्पर, देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची टाकी यांचे निर्णय आजही कित्येक गावांत मुंबईकर मंडळाच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या संघटनेच्या, बैठकीत होतात. तेव्हा मुंबईला शिकायला गेलेला मुलगा गावाला मुकलाच, असं नाही. मंडळाचा तरुण चिटणीस झाला तर अर्ज लिहिणं, मंत्रालयात खेपा मारणं, निधी मागणं यात तो गावच्या पुढाऱ्याला मागे टाकतो. पण तो गावात दिसणार गणपतीला आणि शिमग्याला. ग्रामसभा भरते २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला, आणि तिथे हात वर करायला गावात राहणारं माणूसच लागतं.

जिल्ह्यातल्या कॉलेजांची खरी कमाई इथे आहे, आणि ती पेपरात येत नाही. तालुक्याचा वार्ताहर, हायस्कुलातले इतिहासाचे सर, वाचनालयाची ग्रंथपाल, पतसंस्थेचा सचिव, बचतगटांचे हिशेब बघणारी ताई, सरपंच: यांना कधी विचारून बघा, बी.ए. कुठून केलं. बहुतेकदा जवळच्याच कॉलेजाचं नाव निघेल. कोकणात सार्वजनिक जीवन म्हणतात ते मुख्यतः याच माणसांवर चालतं, आमदार-खासदारांवर नव्हे. खासदारकीचं म्हणाल तर राजापूरने १९७१ पासून सलग पाचदा निवडून दिलेले मधु दंडवते होते मूळचे अहमदनगरचे, आणि मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात शिकवत होते भौतिकशास्त्र. त्या वाटेला कुठल्याच कॉलेजचं तिकीट लागत नाही.

मुलगी असेल तर माझं झुकतं माप जिल्ह्याच्या बाजूला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष कामाला मुंबईला, कारण सगळ्यांना माहीत आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. शिकलेली, कागद वाचता येणारी, माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः लिहिणारी मुलगी गावात असेल तर पंचविशीच्या आत तिच्यापुढे जी संधी येते, ती पुण्यात चाळिशीतही येणार नाही. अर्थात तिला बोलू देणारं घर हवं.

आता कॉलेजच्या आतलं. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, दोन्हीकडे आहे: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्प आणि लोकसहभागाचं काम यांना श्रेयांकही मिळतात. फरक पडतो तो विषयाच्या अंतराचा. बारसूची कातळशिल्पं, रिफायनरीवरून झालेला वाद, वाशिष्ठीच्या जुलै २०२१ च्या पुरानंतरचं चिपळूण हे सगळं इथल्या विद्यार्थ्याला एसटीच्या टप्प्यात आहे. पुण्याचा विद्यार्थी याच विषयांवर उत्तम निबंध लिहील. इथला तलाठ्याच्या ऑफिसात सातबारा मागायला शिकेल. वर्गात मुलं कमी, म्हणून एरवी मागच्या बाकावर बसणाराही भित्तिपत्रकाचा संपादक होतो, शिबिराचा हिशेब ठेवतो.

कमतरता झाकण्यात अर्थ नाही. बऱ्याच ठिकाणी शिक्षक तासिका तत्त्वावर, वर्षभरात बदलणारे. मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान हवं असेल तर विषयच नसतो. आणि वरचढ सोबती मिळत नाहीत. फर्ग्युसन, रुईया, झेवियर्समध्ये शेजारी बसलेल्या मुलाकडून जे शिकता येतं, त्याला लहान कॉलेजात पर्याय नाही. पत्रकारिता, संशोधन, धोरणाचं काम किंवा मोठी स्वयंसेवी संस्था हे डोक्यात पक्कं असेल तर सरळ जा, गावाचं ओझं घेऊ नका.

स्पर्धा परीक्षा हे मात्र जाण्याचं कारण नव्हे. राज्यसेवेला कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या या जुन्या कॉलेजांची पदवी तशीही मुंबई विद्यापीठाचीच. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं पहिलं येतं. अधिकाऱ्यांच्या यादीत मात्र आपली मुलं शोधावी लागतात, ही तक्रार खरी, पण तिचं मूळ तयारीत आहे. पदवीनंतर वर्ष-दीड वर्ष पुण्यात अभ्यासिका लावता येते.

खाजगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांबद्दल थोडक्यात: विषयांची सरमिसळ छान, फी वर्षाला काही लाख, सगळा व्यवहार इंग्रजीत. घर परवडणारं असेल आणि मुलाला जिल्ह्यात परतायचं नसेल तरच बघा. नोकरी किंवा बागायत सांभाळून पदवी हवी असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच, फक्त तिथे कॉलेजचं वातावरण मिळत नाही.

माझ्या मते जिल्ह्यात राहून काम करायचं असेल तर बी.ए. इथे आणि एम.ए. बाहेर, हा क्रम बरा. उलट केलेला सहसा परत येत नाही. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा: तुमच्या मुख्य विषयाला कायमस्वरूपी प्राध्यापक किती, गेल्या वर्षीचे क्षेत्रीय प्रकल्प बघायला मिळतील का, आणि एनएसएसचं मागचं शिबिर कुठल्या गावात झालं. त्या गावात ओळख निघाली तर मुलांनी तिथे काय केलं, हेही विचारून घ्या.