छोट्या फोर-स्ट्रोक ग्लो इंजिनाची घटलेली ताकद : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीच्या सुमारास मी ०.५२ घनइंचाचे, म्हणजे साधारण साडेआठ सी.सी.चे, मॉडेल विमानाचे एक नवे फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन (मेथनॉलवर चालणारे, ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या ग्लो प्लगने पेट घेणारे) घेतले आणि ते पंख वरच्या बाजूला असलेल्या, शिकाऊंसाठीच्या एका हाय-विंग ट्रेनर मॉडेलवर बसवले. ठाण्यात आणि नवी मुंबईत दाट वस्ती आणि विमानतळांची हद्द यांमुळे असे मॉडेल उडवणे शक्य नाही, म्हणून भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मुरबाडकडच्या शेतजमिनीवर, मालकाच्या परवानगीने, आमचे उड्डाण चालते. पावसाळ्यात ती शेते पाण्याखाली असतात. त्या काळात इंजिन वागळे इस्टेटमधल्या एका मित्राच्या गाळ्यात चाचणीच्या स्टँडवर होते, आणि या लेखातला बराचसा भाग त्या स्टँडवर समजलेल्या गोष्टींचा आहे.

इंजिनाबद्दलचे माझे मत चांगले आहे. त्याच आकाराच्या टू-स्ट्रोकपेक्षा त्याचा आवाज खोल आणि सौम्य आहे, इंधन कमी लागते, आणि कमी फेऱ्यांवरही ते मोठा प्रॉप (पुढचा पंखा) सहज ओढते. १२ बाय ६ च्या (१२ इंच व्यास, ६ इंच पिच) प्रॉपवर ते हिवाळ्यात मिनिटाला ९,४०० फेरे देत होते. तो आकडा मी वहीत लिहून ठेवला होता, आणि पुढची सगळी तपासणी त्या एका नोंदीच्या आधारावर झाली. उन्हाळा सरता सरता मॉडेल वर चढताना रेंगाळू लागले, आणि स्टँडवर मोजले तेव्हा त्याच प्रॉपवर फक्त ८,३०० फेरे मिळाले.

ही घट ऐकायला किरकोळ वाटते, पण तशी ती नाही. प्रॉप फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि मॉडेलला मिळणारी ओढ त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. त्या हिशेबाने इंजिनाची जवळजवळ तीस टक्के ताकद आणि वीस टक्क्यांहून अधिक ओढ नाहीशी झाली होती.

मोजमापच चुकीचे असेल का, हे आधी पाहणे योग्य. फेरे उजेडावरून मोजणारा ऑप्टिकल टॅकोमीटर दोन पात्यांच्या प्रॉपसाठी लावून साध्या चोकच्या ट्यूबलाइटकडे धरला, तर आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेमुळे त्याने ३,००० दाखवले पाहिजेत. माझ्याने तेच दाखवले. याच कारणाने चालू इंजिनाचे फेरे ट्यूबलाइटखाली कधीही मोजू नयेत, गाळ्याच्या दाराशी दिवसाच्या उजेडात मोजावेत.

त्यानंतर दोष हवेवर टाकण्याचा मोह होतो, कारण आपल्याकडची पावसाळी हवा खरोखरच जड वाटते. तीस अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हवेचा सुमारे साडेतीन टक्के भाग पाण्याच्या वाफेने व्यापलेला असतो आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. हवा तापून विरळ झाली तरी इंजिनाची ताकद घटते, परंतु त्याच विरळ हवेत प्रॉप फिरवायलाही कमी ताकद लागते, त्यामुळे जमिनीवर मोजलेल्या फेऱ्यांमध्ये फारसा फरक पडत नाही. अकराशे फेऱ्यांची घट हवेने होत नाही.

इंधनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मेथनॉल हवेतील पाणी शोषून घेते, आणि ठाण्यातल्या जून-जुलैच्या हवेत अर्धवट भरलेला, सैल झाकणाचा कॅन फार काळ भरवशाचा राहत नाही. असे इंधन वापरले की नीडल (कार्ब्युरेटरमधला इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) नेहमीपेक्षा जास्त उघडावी लागते, मंद गती डळमळते आणि ताकदही कमी होते. म्हणून मी दहा टक्के नायट्रोमिथेन आणि अठरा टक्के तेल असलेला सीलबंद कॅन उघडून पाहिला. फेरे जेमतेम शंभराने वाढले. ग्लो प्लगही नवा, फोर-स्ट्रोकसाठीचा बसवला. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो, त्यामुळे दोन स्फोटांच्या मधल्या काळात प्लगच्या तारेने उष्णता धरून ठेवावी लागते आणि टू-स्ट्रोकचा साधा प्लग तिथे अनेकदा कमी पडतो. सुरू करताना प्लग तापवायला लावलेली बॅटरीची क्लिप काढताच फेरे घसरले तर प्लगवर संशय घ्यावा. माझ्या इंजिनाचे फेरे जुन्या प्लगवरही घसरत नव्हते आणि नव्यावरही नाहीत.

ज्या दुकानातून इंजिन घेतले तिथे, आणि मैदानावरही, सगळ्यांचा सल्ला एकच होता : नीडल थोडी बंद करा. या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. ताकद कमी आहे म्हणून नीडल बंद करत गेल्यास मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), इंजिन तापते, वेळेआधी स्फोट होऊ लागतात, आणि फोर-स्ट्रोक तर अशा वेळी उलट झटका देऊन प्रॉपचा नट सैल करू शकते, म्हणूनच त्यावर दुसरा लॉकनट असतो. मिश्रण तपासण्याची सोपी पद्धत अशी की पूर्ण थ्रॉटलवर, प्रॉपच्या मागे उभे राहून, इंधनाची नळी क्षणभर चिमटावी. फेरे किंचित वाढून मग पडले तर मिश्रण थोडे घट्ट आहे, आणि तसेच ते असायला हवे. लगेच पडले तर ते आधीच पातळ आहे. माझ्या इंजिनाचे फेरे वाढून मग पडत होते, म्हणजे नीडल जागेवर होती. टाकीची उंची, मफलरकडून टाकीत दाब नेणारी नळी आणि कार्ब्युरेटरच्या मागची ओ-रिंग यांतही काही निघाले नाही.

उरले कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून धरण्याची क्षमता, आणि माझ्या मते फोर-स्ट्रोकच्या बाबतीत नीडलला हात लावण्याआधीच ते पाहायला हवे. प्लगची बॅटरी काढून, इंधन बंद करून, थंड इंजिनाचा प्रॉप हाताने सावकाश फिरवावा. कॉम्प्रेशनच्या ठिकाणी प्रॉपने स्प्रिंगसारखा प्रतिकार करावा आणि काही क्षण तसाच टिकावा. माझा प्रॉप तिथून अलगद पुढे सरकत होता. हवा कुठून जाते हे कानाने कळते : नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक एकेका जागी न्यावे. कार्ब्युरेटरमध्ये फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, मफलरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या ब्रीदरमध्ये (हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडात) आली तर पिस्टनची रिंग. माझ्याकडे ती मफलरमध्ये स्पष्ट ऐकू येत होती. खात्रीसाठी प्लगच्या भोकातून तेलाचे काही थेंब आत सोडले. रिंग गळत असती तर तेलाने कॉम्प्रेशन तात्पुरते सुधारले असते. ते सुधारले नाही.

रॉकरचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांड्यांचे, झाकण काढल्यावर कारण समजले. या इंजिनाच्या माहितीपत्रकात टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हचे टोक यांमधली) थंड अवस्थेत ०.०४ ते ०.१० मि.मी. दिली आहे. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर मिळणाऱ्या साध्या फीलर गेजमध्ये ०.०४ ची पट्टी सहसा नसते, परंतु ०.०५ ची पट्टी आत गेली पाहिजे आणि ०.१० ची जाता कामा नये, एवढे पाहिले तरी काम भागते. इनटेकला फट बरोबर होती. एक्झॉस्टला काहीच नव्हती. नव्या इंजिनाचे व्हॉल्व्ह सुरुवातीच्या वापरात आपापल्या सीटमध्ये थोडे आत बसतात, आणि व्हॉल्व्ह जेवढा आत जातो तेवढे त्याचे टोक रॉकरकडे सरकते आणि फट बुजते. तापल्यावर ॲल्युमिनियमचा सिलिंडर रॉकरला ढकलणाऱ्या पोलादी पुशरॉडपेक्षा जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे फट थोडी उघडते. थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देई आणि काही मिनिटांनी जरा बरे चाले, त्याचा उलगडा यातून होतो. नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हच्या कडेने गरम वायू निसटत राहतात, आणि इंधनात एरंडेल असल्यामुळे त्या कडेवर तपकिरी, काचेसारखा थर जमतो. तो थर जमला की नुसती फट लावून भागत नाही.

म्हणून हेड उतरवले. व्हॉल्व्हची लॉक अतिशय बारीक असतात आणि स्प्रिंग सुटताच उडतात, त्यामुळे हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून केलेले उत्तम. एरंडेलचा थर रेडिएटरच्या इथिलिन ग्लायकोलवाल्या कूलंटमध्ये कोमट ठेवून निघतो. ते विषारी असते, म्हणून भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये आणि काम खिडकीपाशी करावे. त्यानंतर पितळ चकाकवण्याच्या पातळ पॉलिशचा एक थेंब व्हॉल्व्हच्या कडेला लावून व्हॉल्व्ह सीटवर बोटांनी हलकेच फिरवला. सीटवर अखंड, एकसारखी करडी रेघ दिसली की थांबावे, कारण त्यापुढे फक्त धातू झिजतो. पॉलिशचा कणही आत राहू नये यासाठी सगळे भाग मेथनॉलने धुतले, नवे गास्केट घातले आणि पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून दोन्ही टॅपेट लावले. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ ठरवणारा कॅमशाफ्ट मी काढला नाही. त्याच्या दात्यांच्या खुणा एका दात्याने जरी चुकल्या तरी ताकद कमी होते, परंतु ती चूक आपोआप होत नाही, आणि इथे ताकद हळूहळू गेली होती.

जोडणीनंतर तोच प्रॉप, तेच इंधन, तोच स्टँड : ९,३०० फेरे. भातकापणी होऊन शेते मोकळी झाली तेव्हा मॉडेल पूर्वीसारखे चढू लागले. तेव्हापासून दर काही टाक्यांनंतर थंड इंजिनाचे कॉम्प्रेशन हाताने पाहतो आणि फट गेजने मोजतो. दुसऱ्या वेळी एक्झॉस्टची फट किंचित कमी झालेली आढळली, त्यानंतर ती स्थिर आहे.

हे इंजिन घेणाऱ्याने पहिल्या काही टाक्यांनंतर टॅपेट तपासण्याची तयारी ठेवावी, आणि गेज व बारीक ॲलन की जवळ नसतील तर त्यांचा खर्च इंजिनाच्याच किमतीत धरावा. ज्यांना झाकण उघडायचेच नाही त्यांना मी विजेची मोटर सुचवेन. उड्डाण संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन कोरडे चालवावे, प्लगच्या भोकातून आणि ब्रीदरमधून गंजरोधक तेलाचे थेंब सोडावेत आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला ठेवावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. इतके करूनही माझ्या इंजिनाचे मागचे बेअरिंग पावसाळ्यानंतर हाताला थोडे खरखरीत लागते, कारण पिस्टनवरून खाली उतरणारे वायू आणि ओलावा क्रँककेसमध्येच साठतात. फेऱ्यांवर त्याचा परिणाम अजून दिसलेला नाही, तरी पुढच्या पावसाळ्याआधी ते बदलणार आहे.