पाण्यात मिसळणारे इनॅमल : एकाच कपाटावर दोन ऋतूंत घेतलेला अनुभव

पुण्यातील आमच्या घरी आजीच्या वेळेपासूनचे एक सागवानी कपाट आहे. त्याची चौकट आणि फळ्या मूळच्या आहेत, परंतु दोन्ही दारे मध्यंतरी प्लायवूडची बसवली गेली आणि त्यांच्यावर हिरवा ऑइल पेंट चढला. सागाची नक्षी सर्वत्र शाबूत असती तर मी त्यावर रंग लावलाच नसता; चांगल्या सागाला पॉलिशच शोभते, हे माझे मत आजही कायम आहे. येथे मात्र चौकटीवरील पॉलिश जागोजागी काळवंडले होते आणि दारांचा चौकटीशी काही मेळ उरला नव्हता. म्हणून संपूर्ण कपाट मोतिया पांढऱ्या रंगात आणायचे ठरवले आणि त्यासाठी पाण्यात मिसळणारे सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचे, इनॅमल आणले. चौकट आणि डावे दार मी श्रावणात रंगवले, उजवे दार आणि फळ्या मार्गशीर्षात. एकच डबा, एकच हात आणि एकच कपाट असूनही दोन्ही वेळचे काम इतके वेगळे उतरले, की या रंगाविषयी लिहिताना ऋतू बाजूला ठेवता येत नाही.

ऑइल पेंट टाळण्याचे मुख्य कारण वास नव्हते. तेलाच्या आधारावरील पांढरा रंग काळाबरोबर पिवळा पडतो आणि बंद कपाटाच्या आत, जिथे उजेड पोहोचत नाही, तिथे तो अधिक लवकर पिवळा पडतो. ॲक्रिलिक या कृत्रिम राळेवर आधारलेल्या या पाण्याच्या इनॅमलमध्ये हा दोष जवळजवळ नाही. वर्षभरानंतर फळीच्या आतल्या कोपऱ्याचा आणि दाराच्या दर्शनी भागाचा रंग मी शेजारी शेजारी ताडून पाहिला, तेव्हा मला फरक आढळला नाही. केवळ एवढ्यासाठीही मी हा रंग पुन्हा घेईन.

रंग लावण्यापूर्वीच्या तयारीतील दोन गोष्टी विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. पहिली गोष्ट जुन्या रंगाची आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या दारांवरचा हिरवा रंग त्याच्या कितीतरी आधीचा होता. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला तर शिसे असलेली धूळ घरभर पसरू शकते, आणि लहान मुलांच्या दृष्टीने ती अतिशय घातक असते. त्यामुळे दारे गच्चीवर नेऊन, तोंडावर मास्क बांधून, पाणी शिंपडत २२० नंबरच्या वॉटर पेपरने घासली आणि निघालेला गाळ ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद केला. जुना रंग लाकडापर्यंत काढण्याची गरज नव्हती. त्याची चकाकी जाऊन पृष्ठभाग एकसारखा निस्तेज दिसला, एवढे पुरेसे होते.

दुसरी गोष्ट सागाची. या लाकडात नैसर्गिक तेल आणि रंगद्रव्ये असतात आणि रंगाआधी लावायचा पाण्याचा प्रायमर त्यांना वर ओढून आणतो. चौकटीवर प्रायमरचा पहिला हात वाळल्यावर तासाभरात त्यातून तपकिरी डाग उमटले. दुसरा हात दिल्यावरही ते डाग पुन्हा वर आले. यात प्रायमरचा दोष नव्हता, क्रम माझाच चुकला होता. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा पातळ हात दिल्यावर डाग थांबले. मात्र साध्या लाखेत थोडे मेण असते आणि त्यावर पाण्यातला रंग नीट धरत नाही. म्हणून लाखेचे द्रावण बरणीत न हलवता ठेवून, गढूळ मेण तळाशी बसल्यावर वरचे नितळ द्रावण तेवढे वापरावे, किंवा मेण काढलेली लाख मागून घ्यावी. जुने पॉलिश लाखेचेच आहे का, हे स्पिरिटचा बोळा एका कोपऱ्यात घासून कळते. लाख असेल तर पृष्ठभाग लगेच चिकट होतो.

खळग्यांत लांबी (पुट्टी) भरणे, ती घासणे आणि प्रायमरवर ३२० नंबरचा कागद फिरवणे ही कामे नेहमीसारखीच आहेत. एवढेच सांगतो, की खोलीतील दिवा मालवून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरला, की दुपारच्या उजेडात न दिसणारे खळगे आणि ओरखडे स्पष्ट दिसतात. सॅटिनची मंद चकाकी त्यांतील बरेचसे लपवते, पूर्ण चकाकीचा रंग एकही लपवत नाही, आणि म्हणूनच घरी प्रथमच रंगवणाऱ्याने सॅटिन निवडावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ब्रशचे केस रंगात जे चर पाडतात, ते रंग ओला असेपर्यंत स्वतःहून भरून येतात. रंग किती वेळ ओला राहतो, यावर गुळगुळीतपणा ठरतो. श्रावणात हवेत इतका ओलावा होता, की पाणी सावकाश उडाले, रंगाला सपाट व्हायला सवड मिळाली आणि डावे दार असे उतरले, की टॉर्चच्या उजेडातही त्यावर चर सापडत नव्हते. मार्गशीर्षातील कोरड्या हवेत तोच रंग काही मिनिटांत ओढ धरू लागला. दाराच्या खालच्या टोकापर्यंत पोहोचेतो वरची कड सुकू लागली होती, आणि तिथे पुन्हा ब्रश लावताच रंग गोळा होऊन ओरखडा उमटला. तो हात वाळवून, ४०० नंबरच्या कागदाने घासून मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी डब्यावर दिलेल्या मर्यादेत थोडे पाणी वाढवले, पंखा बंद केला, दार दोन स्टुलांवर आडवे ठेवले आणि चार इंची फोमच्या रोलरने हातभर भाग रंगवून लगेच त्यावरून नायलॉनच्या ब्रशचे फक्त टोक एकाच दिशेने ओढले. डुकराच्या केसांचा ब्रश पाण्याने फुगून मऊ पडतो, म्हणून या रंगाला तो चालत नाही. नुसता रोलर फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखे बारीक दाणे राहतात आणि नुसता ब्रश वापरला तर चर राहतात. दोन्ही मिळून जे साधते ते स्प्रेच्या कामाच्या बरेच जवळ जाते. तीन पातळ हातांनंतर उजवे दारही समाधानकारक झाले, पण डाव्या दाराची सर त्याला आली नाही.

याचा अर्थ पावसाळ्यात रंगवावे असा मात्र नाही, कारण या रंगाचा सर्वांत मोठा दोष मला पावसाळ्यातच भोवला. पुढचा हात चार तासांनी द्यावा, असे डब्यावर लिहिलेले होते आणि ते खरेच होते. पण पुढचा हात देण्याजोगे वाळणे वेगळे आणि पूर्ण कडक होणे वेगळे, हे तिथे लिहिलेले नव्हते. आठ दिवसांनी डावे दार बसवून मी ते बंद केले. दुसऱ्या दिवशी उघडताना दार चौकटीला चिकटलेले निघाले आणि चौकटीवरील बोटभर लांबीची रंगाची पट्टी सोलून आली. ॲक्रिलिकचे दोन रंगवलेले पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांना धरतात, आणि दमट हवेत ही ओढ कित्येक आठवडे टिकते. ती जागा दुरुस्त केल्यावर दार महिनाभर किलकिलेच ठेवले आणि कडांवर टाल्कम पावडर चोळली. त्यानंतर तक्रार राहिली नाही. कंपन्यांनी ही एक ओळ डब्यावर मराठीत आणि ठळक छापायला हवी, असे मला मनापासून वाटते.

टिकाऊपणाबद्दल बोलायचे तर हळदीचे बोट ओल्या फडक्याने लगेच पुसले की जाते, रात्रभर राहिले तर फिकट डाग उरतो. मूठ लागते त्या जागी सव्वा वर्षात झीज नाही. फळीवर मात्र पितळी डबे सरकवल्याचे ओरखडे पडले आहेत, आणि तिथे ऑइल पेंट अधिक काटक ठरला असता हे मान्य करतो. एक लिटरमध्ये संपूर्ण कपाटाचे तीन हात झाले आणि थोडा रंग उरला. किंमत साध्या ऑइल पेंटपेक्षा जास्त पडली, पण टर्पेंटाइनचा खर्च वाचला.

दारे आणि चौकट यांसाठी हा रंग मी निःशंकपणे सुचवीन, फळ्यांसाठी नाही. महाराष्ट्रात त्यासाठी मला पाऊस ओसरल्यानंतरचे, पण थंडी कोरडी होण्याआधीचे, दसरा ते दिवाळीच्या आसपासचे दिवस सर्वांत योग्य वाटतात. आजीचा पाट याच डब्यातील उरलेल्या रंगासाठी घासून ठेवला आहे. त्याचे काम मी त्याच दिवसांत करणार आहे.