लेण्या, वाडे आणि गडांसाठी वाइड अँगल झूम: टॅमरॉन १७-२८ मिमी एफ/२.८

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेस कॅमेऱ्यासाठी वाइड अँगल झूम घ्यायचे ठरले की पहिला मोह सर्वांत लहान आकड्याचा होतो, कारण मिमीचा आकडा जितका लहान तितका चित्राचा कोन रुंद. सोनीच्या ई माउंटवर (लेन्स जोडण्याच्या रचनेवर) १२-२४ मिमीची झूमही मिळते, त्यामुळे १७ मिमीवर समाधान का मानायचे, असा प्रश्न मलाही पडला होता. निर्णय घेण्यापूर्वी मी एक अतिरुंद लेन्स भाड्याने आणून दोन दिवस वेरूळला वापरली, आणि उत्तर मला कैलास लेण्याच्या प्रांगणात मिळाले. १२-१४ मिमीवर सगळे चौकटीत येते हे खरे, पण कडेचे हत्तीशिल्प ताणले जाते, मधले मंदिर लहान होते आणि खालचा निम्मा भाग नुसत्या जमिनीने भरतो. कॅमेरा वर उचलला तर सरळ कोरलेल्या भिंती एकमेकींकडे झुकू लागतात. तेच चित्र १७ मिमीवर कॅमेरा उभा आणि समपातळीत धरून घेतले आणि जमिनीचा नको असलेला भाग नंतर कापला, तेव्हा ध्वजस्तंभ सरळ राहिला आणि त्याची उंचीही जाणवली. माझ्या सोनी ए७ थ्रीच्या २४ मेगापिक्सेलमध्ये एवढी काटछाट सहज खपते.

त्यानंतर निवड तीन लेन्सपुरती उरली: टॅमरॉन १७-२८ मिमी एफ/२.८, सिग्मा १६-२८ मिमी एफ/२.८ आणि सोनीची पॉवर झूम (मोटरवर झूम होणारी) १६-३५ मिमी एफ/४. एफपुढचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश लेन्स आत घेऊ शकते. वजने अनुक्रमे ४२०, ४५० आणि ३५३ ग्रॅम. म्हणजे गड चढताना तिघींपैकी कोणतीही खांद्याला जड नाही. माझ्या बाबतीत पारडे फिल्टरने फिरवले. टॅमरॉनच्या या लेन्सला ६७ मिमीचा फिल्टर लागतो, आणि माझ्याकडे आधीपासून असलेल्या त्याच कंपनीच्या २८-७५ मिमी लेन्सलाही तोच बसतो, तर उरलेल्या दोघींना ७२ मिमीचा लागतो. चांगला पोलरायझर (चमक कमी करणारा) आणि एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर स्वस्त नसतात, म्हणून हा खर्च लेन्सच्या किमतीत धरूनच तुलना करावी. (पोलरायझर १७ मिमीवर जपून वापरावा, एवढ्या रुंद कोनात आकाशाचा एक भाग गडद निळा आणि दुसरा फिकट दिसतो.)

एफ/२.८ खरोखर लागते का, याचे उत्तर विषयावर अवलंबून आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात प्रकाश समोरच्या मोठ्या गवाक्षातून येतो आणि स्तूपापर्यंत पोहोचेतो मंदावतो. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. स्तंभ आणि छताच्या लाकडी कमानी हलत नसल्याने कॅमेऱ्यातील स्टॅबिलायझेशनच्या (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीच्या) भरवशावर १/८ सेकंदाला हातात धरूनही स्पष्ट चित्र मिळते, आणि तिथे एफ/४ पुरते. पण त्याच चौकटीत स्तंभांमधून चालणारी माणसे हवी असतील, तर स्टॅबिलायझेशन त्यांची हालचाल थांबवू शकत नाही, तिथे एफ/२.८ मुळे मिळणारा दुप्पट प्रकाश मोलाचा ठरतो. पावसाळ्यापूर्वी हरिश्चंद्रगडावरून तारे टिपताना तर मी याबाबत तडजोड करणार नाही.

टॅमरॉनच्या लेन्सचा मला सर्वाधिक भावलेला गुण मात्र जाहिरातीत मागे पडतो. १७ मिमीवर ती १९ सेंटिमीटरवर फोकस करते. हे अंतर सेन्सरपासून मोजले जाते. लेन्सची लांबी आणि बॉडीतील अंतर वजा केले तर फूल काचेपासून जेमतेम सात सेंटिमीटरवर असते. कासच्या पठारावर वाटेच्या कडेची सोनकी एवढ्या जवळून टिपली तर पाकळ्यांचा पोत दिसतो आणि मागे ढगांनी भरलेले आकाशही राहते. अशा वेळी लेन्सच्या तोंडावरचा हुड काढून ठेवावा, नाहीतर त्याची सावली फुलावर पडते. झूम करताना लेन्सची लांबी बदलत नाही आणि बांधणी ओलाव्याला प्रतिकार करणारी आहे, हे सह्याद्रीच्या धुक्यात हिंडणाऱ्याला सांगायलाच हवे. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (प्रकाश आत येण्याच्या छिद्राला), म्हणजे एफ/२.८ ला, मध्यभाग सुस्पष्ट आणि कोपरे किंचित मऊ, म्हणजे कमी स्पष्ट, असतात, एफ/५.६ ला मला तक्रारीला जागा सापडली नाही.

उणिवा आहेत. ऑटो आणि मॅन्युअल फोकससाठी लेन्सवर बटण नाही, ती सोय सिग्माने दिली आहे. २८ मिमीला झूम संपते, त्यामुळे वाड्याच्या चौकातून ओसरीवर बसलेल्या आजींचा फोटो घ्यायचा तर पुढे जावे लागते किंवा लेन्स बदलावी लागते. एकच लेन्स घेऊन प्रवास करणाऱ्याने, विशेषतः व्हिडिओ करणाऱ्याने, म्हणूनच सोनीची १६-३५ घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. १६ आणि १७ मिमीमधला फरक सुमारे तीन अंशांचा आहे. अरुंद खोल्यांचे फोटो काढणाऱ्याला तो जाणवेल, मला तो फारसा जाणवला नाही.

कोणतीही वाइड झूम घेताना दुकानातच एक चाचणी करावी. पूर्वी एका दुकानातून घेतलेल्या जुन्या लेन्सचा डावा कोपरा कायम धूसर यायचा आणि ते मला महिनाभराने कळले. विटांच्या किंवा फरशीच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर धरून, सर्वांत उघड्या अ‍ॅपर्चरला, झूमच्या दोन्ही टोकांना फोटो घ्यावा आणि चारही कोपरे पडद्यावर मोठे करून एकमेकांशी ताडून पाहावेत. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव समजावा. एकच कोपरा वेगळा दिसला तर तो नग परत करून दुसरा मागावा.