वेंगेन की किट्झब्यूल?

जानेवारीत युरोपात येणारे आणि डाउनहिल, म्हणजे बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली येण्याची स्कीइंगची शर्यत, एकदा तरी डोळ्यांनी बघायची म्हणणारे ओळखीपाळखीचे लोक हल्ली मला हे विचारतात. वेंगेन स्वित्झर्लंडमधलं गाव, किट्झब्यूल ऑस्ट्रियातलं. दोन्ही शर्यती वर्ल्ड कपच्या, साधारण लागोपाठच्या आठवड्यांत, आणि एका हंगामात दोन्हीकडे जाणं खिशाला झेपत नाही. मी दोन्ही बघितल्यात, वेगवेगळ्या वर्षी. राहतो झुरिकला, म्हणून मी वेंगेनच सांगणार असं लोक धरून चालतात.

देखणेपणात वेंगेनच्या जवळ कुणी जाणार नाही, हे आधीच कबूल करतो. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही शिखरं. लाउबरहॉर्नची, म्हणजे इथल्या शर्यतीची, उतरण जवळजवळ साडेचार किलोमीटर, वर्ल्ड कपमधली सगळ्यात लांब. खेळाडू अडीच मिनिटं उतरत असतो, शेवटी त्याच्या मांड्या थरथरतात. २०१३ मध्ये योहान क्लारेने इथेच ताशी १६१.९ किलोमीटर गाठले. हुंडशोप्फच्या, म्हणजे ‘कुत्र्याच्या डोक्या’च्या, कड्यावरून माणूस हवेत जातो ते जवळून बघताना पोटात गोळा येतो. वर लढाऊ विमानांच्या कसरती, त्या वेगळ्याच.

पण वेंगेन म्हणजे आल्प्समधलं माथेरान. गावापर्यंत गाडीरस्ता नाही, खाली लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची छोटी गाडी. सकाळी लोक हप्त्याहप्त्याने येतात, तेव्हा जाणवत नाही. शर्यत संपते ती मात्र सगळ्यांची एकदमच. त्या वर्षी सांगलीहून आलेले बाबा बरोबर होते, वय एकाहत्तर. आम्ही रांगेत लागलो तेव्हा ऊन होतं, डब्यात बसलो तेव्हा अंधार. मधे किती वेळ गेला ते घड्याळात बघितलं नाही, बाबांच्या गुडघ्यांवरून कळत होतं. पाय आपटून आपटून झाल्यावर ते म्हणाले, “एवढी रांग लावायची तर पंढरपूरला लावली असती रे, पदरात पुण्य तरी पडलं असतं.” यात दोष कुणाचाच नाही, डोंगरावर रूळ तेवढेच. वरच्या अंगाने क्लायने शायडेगवरून ग्रिंडेलवाल्डकडेही उतरता येतं. तसं केलं असतं तर कदाचित मी आज वेगळं लिहिलं असतं.

किट्झब्यूलला फिनिश गावाला चिकटून आहे आणि हानेनकाम नावाचा रेल्वेचा छोटा थांबा फिनिशला चिकटून. शर्यत संपली, चार पावलं चाललो, गर्दीतच पण गाडीत चढलो. श्ट्राइफ, म्हणजे इथली शर्यतीची उतरण, लांबीला कमी, ३.३ किलोमीटर. दोन मिनिटांच्या आत खेळ आटोपतो, फ्रिट्झ श्ट्रोब्लचा १९९७ चा विक्रम १ मिनिट ५१.५८ सेकंदांचा आहे. वरची माउझेफाले, म्हणजे ‘उंदराचा सापळा’, ८५ टक्के उताराची. ती फिनिशवरून दिसत नाही, मोठ्या पडद्यावरच बघावी लागते, आणि हे मलाही खटकलं. पण खालच्या टप्प्यातली हाउसबर्गची कड, तिथून तिरपं कापत येणं आणि शेवटची उडी हे सगळं एका जागी उभं राहून डोळ्यांसमोर घडतं. वेंगेनच्या कड्यापाशी प्रत्येक खेळाडू काही क्षण दिसला, की पुढच्याची वाट बघायची.

बाकी किट्झब्यूल म्हणजे उरूस. बिअर पाण्यासारखी वाहते, संध्याकाळी लहान मुलांना घेऊन गावात फिरावंसं वाटत नाही, आणि खोल्यांचे भाव ऐकून मी वेर्गलला राहिलो. तिथून सकाळची लोकल पकडली की झालं. शांतता आणि फोटो हवे असतील, पाय तरुण असतील आणि वेंगेनमध्येच खोली मिळत असेल, तर माझं ऐकू नका, खुशाल तिकडे जा.

पुढच्या जानेवारीत बाबा पुन्हा येतायत. झुरिक ते किट्झब्यूल थेट गाडी आहे, वेळ वेंगेनपेक्षा बराच जास्त लागतो, पण तो बसून जातो. तिकिटं काढून ठेवलीत.