पलावा की खारघर? दोन्हीकडे राहून झाल्यावर सांगतोय

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा फोन, "दादा, पलावात टू बीएचके बसतोय बजेटमध्ये, खारघरला तेवढ्यात जेमतेम वन येतो, काय करू?" तिला जे बोललो तेच जरा नीट लिहितोय, कारण आम्ही पलावात तीन वर्षं भाड्याने राहिलो आणि आता खारघरला सहावं वर्ष चालूय.

दोन्ही आखून वसवलेली, पण आखणारा वेगळा आणि सगळा फरक तिथूनच सुरू होतो. सिडको ही सरकारी कंपनी १९७० ला स्थापन झाली, मुंबईचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे नवी मुंबई वसवायची म्हणून, आणि खारघर हा त्या शहराचा एक नोड, म्हणजे आखून वसवलेलं उपनगर. सिडकोने सेक्टर पाडले, रस्ते आणि स्टेशनची जागा ठरवली, प्लॉट वेगवेगळ्या बिल्डरना दिले, त्यामुळे दोन शेजारच्या सोसायट्या एकसारख्या दिसत नाहीत. पलावा ही लोढा या बिल्डरची टाउनशिप, डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रोडला लागून. बिल्डिंगा, आतले रस्ते, बागा, शाळा, मॉल सगळं एकाच हातचं.

आणि आतमध्ये पलावा खरंच छान आहे, हे मनापासून सांगतो. फुटपाथ सलग आहेत, बाबागाडी एकदाही उचलावी न लागता आम्ही रोज संध्याकाळी चक्कर मारायचो. पोरगी सायकल तिथेच शिकली, मी मागे धावत नव्हतो, बाकावर बसून बघत होतो, कारण गाड्या कमी आणि ज्या येतात त्या हळू. खारघरला हे सुख नाही. इथे फुटपाथ रुंद आहेत पण त्यावर बाईक लावलेल्या असतात, पोरांना घेऊन रस्त्यावर उतरावंच लागतं.

पण पलावाचं गेट ओलांडलं की लागतो कल्याण-शीळ रोड. कल्याण, डोंबिवली, महापे, तळोजा सगळीकडची वाहतूक त्याच रस्त्यावर, ट्रकसकट. एका जुलैत पोरीला ताप चढला, तिचे डॉक्टर डोंबिवलीत, संध्याकाळी सातला रिक्षात बसलो आणि काटई नाक्याच्या अलीकडेच अडकलो, पाऊण तास रिक्षा जागची हलत नव्हती, बायको बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवून तिच्या कपाळावर ठेवत होती. त्या दिवशी मी ठरवलं की घर घेईन ते चालत किंवा दहा मिनिटांत स्टेशन असेल तिथेच.

पलावाला निळजे स्टेशन आहे ना, असं ब्रोकर सांगेल. आहे, पण ते दिवा-पनवेल मार्गावर, दिवसाला मोजक्या गाड्या. रोजची लोकल पकडायची तर डोंबिवली किंवा दिवा गाठा, म्हणजे परत तोच रस्ता, आणि सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये शिरणं काय असतं ते तिथल्या माणसाला विचारा. कल्याण-तळोजा मेट्रो १२ आणि ऐरोली-काटई रस्ता, दोन्ही झाले की पलावाचं चित्र बदलेल असं मलाही वाटतं. पण नवी मुंबई मेट्रोची आम्ही किती वर्षं वाट बघितली ते आठवा, सुरू झाली शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये. होणाऱ्या गोष्टीच्या भरवशावर आजचा ईएमआय घेऊ नका.

खारघरचं स्टेशन हार्बर लाइनवर, सीएसएमटी साधारण सव्वा तास, शिवाय ठाणे-पनवेल गाड्याही थांबतात. लांबचे सेक्टर मात्र स्टेशनपासून खरंच लांब आहेत. मेट्रो त्यांना उपयोगी, पण एक लक्षात ठेवा, ती खारघर स्टेशनला जातच नाही, बेलापूरला जाते, तिथे बदलून लोकल पकडायची. फ्लॅट बघताना "मेट्रो समोरच" ऐकून हुरळून जाऊ नका, बेलापूरपर्यंतचा वेळ धरा. आणि तळोज्यातल्या बिल्डिंगा "अपर खारघर" म्हणून दाखवतात, तिथे पत्ता कागदावर वाचा, तोंडी नको.

आता खारघरचे त्रास. उन्हाळ्यात पाणी. काही सेक्टरमध्ये टँकर लागतात, तेव्हा सोसायटीच्या वॉचमनला विचारा, सेक्रेटरीला नाही, वॉचमन खरं सांगतो. दुसरं, तळोजा एमआयडीसी जवळ आहे, हिवाळ्यात रात्री कधीकधी असा वास येतो की खिडक्या लावून झोपावं लागतं, घरात दम्याचं माणूस असेल तर उत्तरेकडच्या सेक्टरमध्ये एक रात्र कुणाकडे तरी राहून बघा. तिसरं म्हणजे जमीन सिडकोची, लीजवर, रीसेलचा फ्लॅट घेताना सहसा सिडकोची ट्रान्सफर फी आणि परवानगी लागते, तो खर्च कोण देणार ते टोकन देण्याआधीच ठरवा.

पलावात विचारायचा प्रश्न वेगळा. तिथे बिल्डिंगच्या मेंटेनन्सबरोबर टाउनशिपच्या देखभालीचेही पैसे असतात, ते मिळून महिन्याला किती, हे आधीपासून राहणाऱ्याची पावती बघून समजून घ्या. खारघर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे, रस्त्याला खड्डा पडला तर नगरसेवकाच्या दारात जाता येतं. पलावात आतला खड्डा लगेच बुजतो, पण बाहेरच्या खड्ड्याला टाउनशिपचं ऑफिस काही करू शकत नाही.

आईवडील सोबत असतील तर माझं मत खारघरच. माझे वडील रोज सकाळी सेंट्रल पार्कला जातात, त्यांचा ग्रुप झालाय, भाजी येताना घेऊन येतात, सगळं स्वतःचं स्वतः. पलावात ते गेटच्या आतच अडकले होते.

बहीण फोर्टला नोकरी करते, रोज जाते, तिला सांगितलं खारघरचा वन घे, स्टेशनजवळचा, जुनी बिल्डिंग चालेल. तिच्या नणंदेचं उलट आहे, दोघंही घरून काम करतात, मुलगा तीन वर्षांचा, त्यांनी पलावाचा टू घ्यावा, मी असतो तर मीही घेतला असता. फक्त सह्या करण्याआधी पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला शीळफाट्यावरून पलावापर्यंत स्वतः जाऊन या, रविवारी सकाळी साइट व्हिजिटच्या गाडीतून नको.