मुलाच्या गाण्यासाठी गाव बदलायचं तर: पुणे, मिरज, धारवाड की फोंडा?

मूल सहा-सात वर्षांचं, आईवडिलांपैकी एकाचं काम घरून चालणारं, मुंबईतल्या घराचं भाडं दर अकरा महिन्यांनी वाढणारं, आणि मुलाच्या गळ्यात किंवा हातात काहीतरी आहे हे दिसायला लागलेलं. अशा घरात गाव बदलायचा विषय निघाला की नावं बहुधा चार येतात. पुणे, मिरज-सांगली, धारवाड-हुबळी, आणि गोव्यात फोंडा किंवा पणजी. कोल्हापूरचं नाव पाचवं.

उत्सवांची यादी बघून गाव निवडू नका. मोठ्यात मोठा महोत्सव झाला तरी वर्षातले चार-पाच दिवस. आठवड्याला दोन शिकवण्या धरल्या तर सुट्ट्या-आजारपणं वजा जाता वर्षाला नव्वद-शंभर फेऱ्या होतात. सात वर्षांचं मूल एका बैठकीत पाऊण तास लक्ष देतं, त्याहून जास्त नाही. त्यासाठी जाऊन-येऊन दोन तास मोडले की पहिलं वर्ष हौसेत निघून जातं आणि दुसऱ्या वर्षी शाळेच्या चाचण्या आल्या की पहिली सुटते ती शिकवणी. म्हणून घरापासून शिकवणीपर्यंत वीस मिनिटं ही अट आधी धरा आणि मग नकाशा उघडा. गुरू आधी, मोहल्ला नंतर, गाव त्याच्याही नंतर.

पुण्याची बाजू ऐकण्याच्या बाबतीत इतकी भक्कम आहे की बाकीची चारही गावं तिथे कमी पडतात. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली सुरू केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धनांचं १९३२ चं गांधर्व महाविद्यालय, विद्यापीठाचं ललित कला केंद्र, आणि १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव. याहून महत्त्वाच्या आहेत त्या शनिवार-रविवारच्या छोट्या बैठका. त्यातल्या बऱ्याच विनामूल्य असतात, आणि लहान मुलाला पुढच्या सतरंजीवर बसवून तासाभराने उठवून नेलं तर कुणी डोळे वटारत नाही. मुलाचा कान तयार होतो तो अशा ठिकाणी.

पुण्यात गणित बिघडतं ते अंतराने. गाण्याची जुनी वस्ती पेठांत, डेक्कनला आणि कर्वे रस्त्याच्या बाजूला; नोकरी मात्र हिंजवडीला किंवा खराडीला. स्वस्त म्हणून वाघोलीला किंवा मारुंजीला घर घेतलं की सदाशिव पेठेतली शिकवणी नावापुरती उरते. २०२४ मध्ये मेट्रोच्या दोन्ही मार्गिका पूर्ण झाल्यापासून एक मधला रस्ता निघाला आहे. घर वनाज ते डेक्कन या टप्प्यात चालत मेट्रो गाठता येईल असं बघायचं, आणि शिकवणी कसबा पेठ, मंडई किंवा नळ स्टॉप स्थानकापासून दहा मिनिटांत. भाडं जास्त पडेल, पण दुसरी गाडी लागणार नाही. आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या: नावाजलेल्या गुरूंकडे लहान मुलांना बहुधा त्यांचे ज्येष्ठ शिष्य शिकवतात. त्यात वाईट काही नाही, पण आठवड्याला कोण शिकवणार आणि गटात मुलं किती, हे कळल्याशिवाय फी भरू नये. दहा-बारा मुलांच्या गटात एकेकट्याचा सूर कुणी तपासत नाही.

मिरजेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तरुण कुटुंबं तिचा विचारच करत नाहीत. मिरज हे वाद्यं घडवणाऱ्यांचं गाव. शस्त्रं घडवणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि आजही सतारमेकर गल्लीत तुणीच्या लाकडाला आणि पंढरपूरकडून येणाऱ्या भोपळ्यांना आकार मिळतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घरात वाद्य असलेल्या माणसाला याचा रोजचा अर्थ असा की जवारी बसली, म्हणजे तारांखालची घोडी झिजून झंकार गेला, खुंटी फिरू लागली, तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीला, चीर गेली, तर वाद्य रिक्षात घालून नेता येतं आणि कारागीर समोर बसून जवारी काढतो. दुसऱ्या गावात हेच काम म्हणजे वाद्य पाठवणं, आठवडे वाट बघणं, आणि वाटेत भोपळा फुटण्याची धास्ती.

गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेल्यावर ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं, आणि उरुसात तिथे होणाऱ्या संगीतसभेत गायक-वादक हजेरी लावतात. अंबाबाईच्या देवळात नवरात्रात गाणं असतं. या दोन्ही ठिकाणी मूल घरच्या कपड्यांत जाऊन बसू शकतं. शिवाय अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय इथेच. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा त्याच मंडळाच्या आणि केंद्रं गावोगाव असल्यामुळे गाव बदललं तरी मुलाची वाट तुटत नाही. आधीच्या परीक्षेचं मूळ प्रमाणपत्र जपून ठेवायचं आणि पुढचा अर्ज नव्या केंद्रातून भरायचा. राज्य मंडळाच्या दहावीत या परीक्षांचे वाढीव गुणही मिळतात, पण प्रस्ताव शाळेने पाठवावा लागतो. केंद्रीय मंडळाच्या शाळेत ती सोय नाही. शाळा निवडताना हे ध्यानात असू द्या.

वैद्यकीय महाविद्यालय आणि जुनी रुग्णालयं असल्यामुळे लहान मुलाच्या घराला मिरजेत डॉक्टर शोधत फिरावं लागत नाही. रेल्वेचं जंक्शन असल्याने पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर चारी दिशांना गाड्या आहेत. उणं आहे ते नोकरीच्या बाबतीत. घरून करायचं काम नसेल तर पगारात मोठी घट धरूनच यावं लागेल. आणि सांगलीत घर घेणार असाल तर कृष्णेचं पाणी डोक्यात ठेवूनच घ्या. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घर दाखवणाऱ्याला «पूर येतो का» असं विचारलं तर उत्तर नेहमी «नाही» असतं. «२०१९ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं» असं शेजारच्या किराणा दुकानात विचारा. तळमजल्यावर सतार ठेवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. मिरज शहर त्या मानाने उंचावर आहे, तरी घराची गल्ली बघायची ती बघायचीच.

कोल्हापूरबद्दल थोडक्यात. १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब, गवई अल्लादिया खाँसाहेबांचा वारसा, विद्यापीठात संगीताचा विभाग. शाळांची निवड मिरजेपेक्षा मोठी, विमानतळ जवळ. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं, तेव्हा गावाने काय गमावलं हे नाटक-गाण्यावर जीव असणाऱ्यालाच कळेल. पंचगंगेच्या पुराचा प्रश्न इथेही आहे. मिरज रेल्वेने पन्नास किलोमीटरच्या आत, त्यामुळे वाद्यदुरुस्ती हाताशी. मूल गाण्याचं आहे की खेळाचं हे अजून ठरायचं असेल, तर या पाचांत कोल्हापूर सगळ्यात सोपं.

धारवाडची गोष्ट वेगळी. मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, शेजारच्या हुबळीत गंगूबाई हनगल. एवढी गाणारी माणसं एका पट्ट्यात झाली त्या मागे घराघरांतली शिकवणी होती, आणि तिची सवय तिथे अजून मोडलेली नाही. गुरूच्या घरी ओसरीवर बसून शिकायचं, मधे चहा व्हायचा, मोठ्या मुलांचं गाणं लहानाच्या कानावर पडायचं. साडेसातशे मीटरच्या आसपासची उंची, त्यामुळे हवा थंड आणि तबल्याच्या पुडीला, म्हणजे वरच्या कातड्याला, मानवणारी. हुबळी-धारवाड दरम्यान वीस किलोमीटरवर चिगरी बससेवेची वेगळी मार्गिका आहे. राहणं एका गावात आणि शिकवणी दुसऱ्या गावात असं जमू शकतं. पुण्याहून मिरज, बेळगाव करत वंदे भारत तिथे जाते, तेव्हा आजी-आजोबांना येणं-जाणंही कठीण नाही.

अडचण भाषेची, आणि ती शिकवणीत नसून शाळेत आहे. बंदिश ब्रज भाषेतली, बोल सगळीकडे तेच. गुरूचं कन्नड मूल तीन महिन्यांत उचलतं. पण कर्नाटकात शाळा कुठल्याही माध्यमाची असली तरी कन्नड शिकावंच लागतं. पहिली-दुसरीत गेलेलं मूल निभावून नेतं, पाचवीत गेलेल्याला लिपीपासून सुरुवात करावी लागते आणि रियाजाचा वेळ त्यात जातो. म्हणून धारवाडला जायचं तर मूल सात वर्षांचं होण्याआधी. पुढचाही हिशेब करा: कर्नाटकातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे तिथे सात वर्षं शिकलेलं असावं लागतं, आणि दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर केली की इथल्या वैद्यकीयच्या राज्य कोट्याला अडचण येते. दोन-तीन वर्षं राहून परतायचं असेल तर चौथीच्या आत परता. गाडीचंही आहे. परराज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर आपल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, तिथला रस्ता कर आणि नवा नोंदणी क्रमांक. गोव्यालाही हेच लागू.

गोव्याकडे बघताना समुद्रकिनारा मनातून काढा आणि फोंडा तालुका डोळ्यांसमोर आणा. गायिका केसरबाई केरकर केरीच्या, गायक जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. देवळांतलं भजन तिथे घरातल्या कामाइतकं नेमाचं आहे आणि पखवाज-हार्मोनियमवर बसणारी दहा वर्षांची मुलं नवलाची वाटत नाहीत. पण बाकीच्या चार गावांत मिळत नाही ते इथे दुसरंच काहीतरी आहे. पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही संगीताचे विभाग आहेत, आणि चर्चमुळे व्हायोलिन, समूहगान, स्टाफ नोटेशन वाचणं ही सामान्य घरातली विद्या आहे. मुलाचे हात व्हायोलिन किंवा पियानोकडे वळत असतील, किंवा दोन्ही पद्धती कानावर पडाव्यात असं वाटत असेल, तर गोव्याला पर्याय नाही. मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळा आहेत, भाषेचा धक्का नाही.

पण भाडी पर्यटनाने चढलेली, वर्षभराचा करार द्यायला मालक कांकू करतात, संध्याकाळी सातनंतर बसगाड्या विरळ होतात. फोंड्याहून पणजीची शिकवणी म्हणजे तीस किलोमीटर, पावसात दुचाकीवर मूल घेऊन. तेव्हा फोंड्यात राहायचं तर शिकवणीही फोंड्यातलीच. आणि ओल! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे तबल्याची पुडी सैल होते, शाईचे कण सुटतात, व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात, कडेचा सरस सुटतो, हार्मोनियमच्या पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. तबला गॅसवर शेकणं हा सगळ्यात वाईट इलाज. कातडं एका बाजूने आखडतं आणि चाटेजवळ, म्हणजे पुडीच्या कडेला, फाटतं. बंद कपाट, आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं तरी हवं. मीटर ५० ते ६० टक्क्यांत राहिलं पाहिजे. ७० च्या वर दिवसच्या दिवस राहिलं तर ओल खेचणारं यंत्र घ्यावं लागेल, त्याचं वीजबिल भाड्यात मिळवून बघा.

घर कुठल्याही गावात घ्या, अनामत देण्याआधी वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडाला भेटा आणि सकाळी सहा-सातचा रियाज चालेल का हे सरळ विचारा. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ आहे, पण भांडण होतं ते सकाळी साडेसहाच्या तबल्यावरून. गळ्याचा आवाज भिंती अडवतात, डग्ग्याची घुमक फरशीतून खाली उतरते. दोन गाद्या आणि वर जाड सतरंजी घातली की निम्मी तक्रार मिटते. तळमजला किंवा जुनं बैठं घर मिळालं तर तबल्याच्या घराने तेच घ्यावं, पुराची चौकशी करून. या एका बाबतीत मिरज आणि धारवाड पुण्याच्या खूप पुढे आहेत.

निवड दोनांवर आली की तिथे एक महिना राहून बघा, आणि तो महिना आषाढ-श्रावणातला असू द्या. डिसेंबरात सगळीच गावं गोड वाटतात. महिनाभराच्या आठ शिकवण्यांची फी आधी देऊन मुलाला बसवा. आठव्या शिकवणीला मूल स्वतः वही घेऊन दाराशी उभं राहतं का, एवढं बघा. एकटा सा लावताना ते कचरतं का, गुरू चूक झाल्यावर काय करतात, पाऊस असताना तुम्ही किती वेळा पोचलात, हे टिपून ठेवा.

सामान हलवताना वाद्यं ट्रकमध्ये घालू नका. तानपुऱ्याची घोडी बहुधा तारांच्या दाबावरच उभी असते. तारा पूर्ण सोडल्या की ती सरकते आणि जागा हरवते. आधी घोडीच्या चारी बाजूंनी तबलीवर पेन्सिलीची बारीक खूण करा, मग तारा फक्त दोन-तीन स्वर खाली उतरवा. भोपळ्याभोवती जुनी गोधडी, गळ्याशी उशी, आणि वाद्य रेल्वेच्या बाकावर माणसाशेजारी. तबल्याचे गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, थोडे वर ठोकून पुडी सैल करा, पुडीवर काही ठेवू नका. हार्मोनियमचा भाता बंद करून खिट्टी लावा. नव्या घरी पोचल्यावर तानपुरा एक दिवस गवसणीतच राहू द्या, दुसऱ्या दिवशी अर्धा चढवा, तिसऱ्या दिवशी पूर्ण सुरात आणा.